एन्झाइमचा डबा की पावसाचे पाणी?

पारशिवनी तालुक्याची ओळखच पाण्याने आहे. पेंच नदीवरील नवेगाव खैरीचे धरण याच तालुक्यात, आणि नागपूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा तेथूनच जातो. अलीकडे या भागाला दुसरी ओळख मिळाली आहे ती वाघांच्या जंगलाची. कोलितमाऱ्याकडे व पलीकडे रामटेकच्या बाजूला रिसॉर्ट, फार्म हाऊस व लग्नाचे लॉन उभे राहिले. फोनवर खोली विचारणारा पाहुणा आधी एकच प्रश्न करतो, "स्विमिंग पूल आहे का?" त्यामुळे पूल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. तो धंद्याचा भाग झाला आहे. त्याच्या मागे फिल्टर, पंप, रसायने व देखभालीचे कंत्राट असा एक लहानसा व्यापारही उभा राहिला असून आपले बरेच तरुण त्यात शिरले आहेत. आजचा लेख त्यांच्यासाठी आहे.

गेल्या उन्हाळ्यात असाच एक तरुण आमच्या दुकानी आला. तीन-चार ठिकाणच्या पुलांची देखभाल त्याच्याकडे. म्हणाला, "चाचा, रोज टिकडी टाकतो. क्लोरीन तपासला तर रंग बरोबर येतो. तरी कडेला हिरवे धरते, पायऱ्या बुळबुळीत होतात. मालक म्हणतो तू माल चोरतोस." आम्ही त्याला पुलाचे पाणी बाटलीत आणायला सांगितले व त्यातील स्टॅबिलायझर मोजला. आकडा शंभराच्या वर गेला. चोरी झालीच नव्हती. उलट त्याने इमानदारीने रोज टाकलेल्या मालानेच पाणी बिघडवले होते.

त्याच्या खिशात एक माहितीपत्रकही होते. 'एन्झाइम टाका, पाणी न बदलता स्टॅबिलायझर घालवा' असे त्याचे वचन. किंमत त्याच्या महिन्याच्या कमाईच्या मानाने जड होती. "घेऊ का?" असे त्याने विचारले. आम्ही नको म्हटले. का नको म्हटले, ते सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. कारण हा प्रश्न एकट्या त्याचा नाही.

स्टॅबिलायझर कशासाठी?

उघड्या पुलात नुसता क्लोरीन टाकला तर ऊन त्याला टिकू देत नाही. भर उन्हात साधारण तासाभरातच निम्म्याहून अधिक क्लोरीन उडतो व दोन-तीन तासांत जवळजवळ सगळा संपतो. विदर्भाच्या मे महिन्यात तर विचारायलाच नको. यावर तोडगा म्हणून सायन्युरिक अॅसिड नावाचे रसायन वापरले जाते. व्यापारात त्यालाच स्टॅबिलायझर किंवा कंडिशनर म्हणतात. ते क्लोरीनला धरून ठेवते आणि गरजेप्रमाणे थोडा थोडा सोडते. छत्रीसारखे त्याचे काम आहे. म्हणून स्टॅबिलायझर वाईट नव्हे. तीस-चाळीस पी.पी.एम., म्हणजे दर लिटर पाण्यात तीस-चाळीस मिलिग्रॅम, एवढा स्टॅबिलायझर उघड्या पुलाला हवाच.

अडचण पुढेच आहे. क्लोरीन खर्च होतो, पण स्टॅबिलायझर खर्च होत नाही. तो उन्हाने जात नाही, वाफेबरोबर उडत नाही, वाळूच्या फिल्टरमध्ये अडकत नाही. आणि बाजारात 'टी.सी.सी.ए. ९०' या नावाने मिळणारी पांढरी टिकडी म्हणजे क्लोरीन व स्टॅबिलायझर यांचा एकत्र माल आहे. डब्यावर नव्वद टक्के क्लोरीन असे ठळक छापलेले असते, स्टॅबिलायझरचे नाव बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. घेणाऱ्याला वाटते आपण फक्त क्लोरीन घेतला.

हिशेब मांडून पाहू

दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व सरासरी १.२ मीटर खोल असा पूल धरू. त्यात साठ हजार लिटर पाणी मावते. दिवसाला दोन पी.पी.एम. क्लोरीन लागतो असे धरले, तर रोज १२० ग्रॅम क्लोरीन झाला. टिकडीच्या हिशेबाने तो सुमारे १३३ ग्रॅम माल. एक किलो टिकडीतून साधारण ५५५ ग्रॅम सायन्युरिक अॅसिड पाण्यात राहते. म्हणजे रोज सुमारे ७४ ग्रॅम, अर्थात सव्वा पी.पी.एम. स्टॅबिलायझर वाढला. मार्च, एप्रिल व मे असे नव्वद दिवस धरा. मेअखेर आकडा ११० च्या घरात जातो.

बॅकवॉशमध्ये व अंगाबरोबर थोडे पाणी बाहेर जाते, तेवढी घट होते हे खरे. परंतु आपल्याकडच्या उन्हाळ्यात पुलाचे पाणी रोज सेंटीमीटरभर तरी वाफ होऊन उडते. वाफ शुद्ध पाण्याची होते, स्टॅबिलायझर मागेच राहतो. वरून कितीही भर घातली तरी आधीचा साठा तसाच. पाणी पाच वर्षे बदलले नाही असे अभिमानाने सांगणारे मालक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या पुलात काय साठले असेल याचा हिशेब त्यांनीच करावा.

पिवळा रंग फसवतो

स्टॅबिलायझर वाढला तर बिघडते काय? तो स्वतः मोठे विष नाही. पण तो जितका जास्त, तितका क्लोरीन त्याच्या मुठीत. जंतू मारणारा मोकळा अंश अगदी थोडा उरतो. गावात पाण्याच्या टाकीची ओ.टी. टेस्ट करतात, त्याच थेंबांनी पुलाचे पाणी तपासले तर मुठीतला क्लोरीनही रंग दाखवतो. नळीत पिवळा रंग येतो, माणूस निर्धास्त होतो, आणि पाणी मात्र जवळजवळ निःशस्त्र असते. त्या तरुणाच्या पुलात हेच घडले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या मार्गदर्शक पुस्तकात पुलातील सायन्युरिक अॅसिड १०० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. २०१९ साली अमेरिकेतील अभ्यासकांनी त्याहून उपयोगाचे माप सुचवले. स्टॅबिलायझर हा क्लोरीनच्या वीसपटीपेक्षा जास्त नसावा. म्हणजे क्लोरीन दोन ठेवायचा असेल तर स्टॅबिलायझर चाळीसच्या आत हवा. स्टॅबिलायझर ११० झाला असेल तर क्लोरीन साडेपाच ठेवावा लागेल. खर्च वाढला, आणि त्याच टिकडीने तो वाढवला तर स्टॅबिलायझर आणखी चढला.

पुलात सगळ्यांत जास्त वेळ कोण असते? मुले. नाका-तोंडात पाणी त्यांच्याच जाते. एखाद्या लहान मुलाने पाण्यात जुलाब केला तर क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू पसरू शकतो. तो साध्या क्लोरीनलाही लवकर दाद देत नाही आणि स्टॅबिलायझर असेल तर आणखीच चिवट होतो. अशा प्रसंगी जबर क्लोरीन देण्यापूर्वी स्टॅबिलायझर १५ च्या खाली आणा, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. म्हणून हा प्रश्न केवळ हिरव्या पायऱ्यांचा नाही.

एन्झाइममागचे विज्ञान खरे आहे

आता त्या डब्याकडे वळू. एन्झाइमने सायन्युरिक अॅसिड मोडते ही थाप नाही. आपल्याकडे मका व उसाच्या शेतात अॅट्राझीन नावाचे तणनाशक वापरतात, कृषी सेवा केंद्रात ते सर्रास मिळते. त्याचा रेणू आणि स्टॅबिलायझरचा रेणू एकाच घराण्यातले. दोन्हींत तीन कार्बन व तीन नायट्रोजन यांचे कडे असते. हे तणनाशक सांडलेल्या मातीत ते खाऊन जगणारा एक जिवाणू अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी वेगळा केला व १९९५ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. तो जिवाणू अॅट्राझीनचे एकेक पान उतरवत शेवटी सायन्युरिक अॅसिडपर्यंत येतो आणि मग एका एन्झाइमने ते कडेच फोडतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो व बाययुरेट नावाचा पदार्थ उरतो.

२००९ साली त्याच विद्यापीठातील लॉरेन्स वॅकेट व मायकेल सॅडोस्की यांच्या गटाने उष्णता सोसणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूतील असेच एन्झाइम अभ्यासले. २०१५ मध्ये जिवाणूंच्या पेशी सिलिकात बंद करून त्यांच्याकडून पाण्यातील सायन्युरिक अॅसिड मोडून घेण्याचे प्रयोगही प्रसिद्ध झाले. काम मोलाचे आहे आणि त्याबद्दल आदरच वाटतो. पण प्रयोगशाळेतील यश आणि कोलितमाऱ्याच्या रस्त्यावरचा पूल यांत अंतर आहे.

डबा घेण्यापूर्वी चार प्रश्न

पहिला प्रश्न, डब्यात नेमके आहे काय? पुलासाठी एन्झाइम म्हणून विकला जाणारा बराचसा माल तेल, घाम व क्रीम यांचा तवंग मोडणारा असतो. तो आपल्या कामापुरता चांगला, परंतु स्टॅबिलायझरला तो हातही लावत नाही. कोणत्याही एन्झाइमने कोणतेही काम होत नसते. कुलूप वेगळे, किल्ली वेगळी. सायन्युरिक अॅसिड कमी करतो असे लेबलवर स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तोंडी आश्वासनावर पैसे देऊ नयेत.

दुसरा, क्लोरीनचे काय? क्लोरीन जिवाणू मारतो आणि एन्झाइमही निकामी करतो. म्हणून असा माल टाकण्यापूर्वी क्लोरीन जवळजवळ शून्यावर आणून पूल काही दिवस तसाच ठेवावा लागतो. आपल्या उन्हाळ्यात क्लोरीनविना चार दिवस म्हणजे शेवाळाला आमंत्रण. तेवढे दिवस पूल बंद ठेवावा लागेल तो वेगळाच. ऐन हंगामात कोणता मालक तयार होईल?

तिसरा, माल जिवंत आहे का? एन्झाइम व जिवाणू ही नाजूक वस्तू आहे. ट्रकमधून आलेला, पत्र्याच्या गोदामात पंचेचाळीस अंशांत महिना काढलेला डबा किती कामाचा उरला, हे बाहेरून ओळखता येत नाही. उत्पादनाची तारीख व साठवणुकीची अट विचारलीच पाहिजे.

चौथा, मागे काय उरते? बाययुरेट व पुढे त्यातून निघणारा अमोनिया पाण्यातच राहिला, तर पुन्हा क्लोरीन सुरू करताना तो आधी तेथेच खर्च होतो. म्हणजे एन्झाइमच्या डब्याबरोबर क्लोरीनचाही जादा खर्च धरावा लागतो. माहितीपत्रकात हा खर्च दिसत नाही.

जेथे पाणी खरोखरच बदलता येत नाही, पूल दहा दिवस बंद ठेवता येतो, विक्रेता आधी व नंतर मोजून दाखवायला तयार आहे, तेथे हा उपाय करून पाहायला आमची हरकत नाही. पण पारशिवनीच्या लहान मालकाने पहिला उपाय म्हणून याकडे धावावे, असे आम्हाला वाटत नाही.

पाणी ओतायचे कोणत्या तोंडाने?

यावर कोणी म्हणेल, "मग निम्मा पूल रिकामा करायचा? तीस हजार लिटर पाणी ओतायचे? २०१९ आठवत नाही का?" आठवते. त्या वर्षी जुलैत तोतलाडोह कोरडा पडला होता आणि नागपुरात एक दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली होती. वर मध्य प्रदेशात चौराईचे धरण झाल्यापासून पेंचचे पाणी पूर्वीसारखे उतरत नाही. मे महिन्यात गावच्या विहिरी तळाला गेल्या असताना पुलासाठी टँकर मागवणे आम्हालाही पटत नाही. एन्झाइम विकणाऱ्याचे सगळ्यांत बळकट म्हणणे हेच आहे व ते खोटे नाही.

परंतु पाणी मे महिन्यातच का बदलावे? आपल्या भागात वर्षाला साधारण अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत. वरच्या उदाहरणातील पुलाचा पृष्ठभाग पन्नास चौरस मीटर आहे. त्याच्या तोंडावर थेट पडणारा पाऊसच वर्षाला पंचावन्न हजार लिटर होतो. पूल मावतो साठ हजारांचा! शेजारच्या शंभर चौरस मीटर छपराचे पाणी पन्हाळीने आणले तर तो तिप्पट वेगाने भरतो. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी तेवढे बाहेर सोडावे, छपरावरची धूळ व पाखरांची घाण त्यात येते. आणि एक योगायोग पाहा. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते, पाहुणे कमी असतात. पूल मोकळा असतो तेव्हाच आभाळातून पाणी येते.

यासाठी जूनच्या सुरुवातीला क्लोरीन टाकणे थांबवावे व तो शून्यावर आल्याची खात्री करून निम्मे पाणी काढावे. ११० चा आकडा पाऊस भरल्यावर ५५ होईल. ऑगस्टमध्ये पुन्हा निम्मे काढून भरू दिले तर सत्तावीस-अठ्ठावीसवर येईल. पूल काठोकाठ ठेवून पाऊस नुसता वाहून जाऊ दिला तर इतका लाभ होत नाही, कारण नवे पाणीही जुन्यात मिसळून बाहेर जाते. मात्र पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करू नये. जमिनीतील पाणी फुगून टाकीचा तळ उचलण्याची भीती असते.

काढलेले पाणी नाल्यात सोडू नये, तो नाला शेवटी नदीलाच जातो. ते झाडांच्या आळ्यांत, मोकळ्या मातीवर थोडे थोडे पसरावे. मातीतील जिवाणू सायन्युरिक अॅसिड हळूहळू खाऊन टाकतात. ज्या कामासाठी डबा विकत घ्यायचा, ते काम आपल्या बांधावरची माती फुकट करते.

साठू न देणे हेच खरे

यापेक्षाही चांगला मार्ग म्हणजे मुळात साठू न देणे. त्या तरुणाला आम्ही पुढील क्रम लिहून दिला.

हंगाम सुरू होताना पहिले तीन-चार आठवडे टिकडी वापरावी. त्यात स्टॅबिलायझर तीसच्या आसपास येतो व छत्री तयार होते. मग टिकडी बंद करून लिक्विड हायपो धरावा. वरच्या पुलाला दहा टक्क्यांचा हायपो रोज सव्वा लिटर पुरतो. तो संध्याकाळी, ऊन उतरल्यावर टाकावा. हायपो उन्हात व जुना झाल्यावर जोर गमावतो, म्हणून कॅन सावलीत ठेवावा व एका वेळी पंधरवड्यापुरताच आणावा. हायपो मिळाला नाही तर ग्रामपंचायत वापरते ती टी.सी.एल. पावडर चालते. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळीच पुलात सोडावी. टिकडी पाण्याचा पी.एच. उतरवते आणि हायपो तो चढवतो, त्यामुळे बदल केल्यावर पी.एच. ७.२ ते ७.८ मध्ये आहे ना, हे पाहत राहावे. मालक दोन-चार दिवस गावाला गेला तर टिकडी वापरायला हरकत नाही.

महिन्यातून एकदा स्टॅबिलायझर मोजावा. चाचणी सोपी आहे. पाण्यात मेलामाइनचे द्रावण टाकले की ते दुधाळ होते, आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका कोणत्या रेघेवर दिसेनासा होतो ते वाचायचे. आकडा वहीत तारखेसह लिहावा. मालक हिशेब मागेल तेव्हा ही वहीच तुमची साक्ष.

एक इशारा मात्र कोरून ठेवावा. टिकडी व टी.सी.एल. पावडर एकाच बादलीत, एकाच डब्यात, एकाच मापाने कधीही वापरू नये. कोरड्या किंवा ओलसर अवस्थेत ती एकत्र आली तर भडका उडतो, स्फोटही होतो. दोन्हींची जागा वेगळी, माप वेगळे, हात धुतलेले.

व्यापारी बंधूंना विनंती

शेवटी आपल्या विक्रेता बांधवांना दोन शब्द. टिकडीत नफा बरा आहे, हायपोचे कॅन वाहणे कटकटीचे आहे, हे आम्ही जाणतो. पण गिऱ्हाईकाला टिकडीत स्टॅबिलायझर आहे हे न सांगता वर्षभर टिकडी विकायची आणि मग तोच स्टॅबिलायझर घालवायला एन्झाइमचा डबा पुढे करायचा, याला व्यापार म्हणत नाहीत. मालातील गुण सांगतो तसा दोषही सांगावा, तोलून द्यावे, मोजून दाखवावे. असा दुकानदार एक डबा कमी विकेल, पण त्याच्याकडे दहा पूल कायमचे येतील.

तरुणांसाठी यात संधी आहे. पूल पुसणारे पुष्कळ आहेत. पाणी मोजून कारण सांगणारे या पट्ट्यात फार थोडे. चाचणीची एक पेटी, एक वही आणि हिशेब एवढ्या भांडवलावर देखभालीच्या मजुरीचे तज्ज्ञाच्या कामात रूपांतर होऊ शकते. आमच्याकडे आलेल्या त्या तरुणाने डबा घेतला नाही. ते पैसे त्याने चाचणीच्या पेटीत व पन्हाळीच्या पाइपात घातले. मालकाला त्याने आकडे दाखवले आणि चोरीचा आरोप गेला. ऑक्टोबरात सफारी सुरू झाली तेव्हा त्याच्या वहीत शेवटचा आकडा होता तीस.